मुधोळकर खटला आणि बडोद्याच्या मराठी विद्यार्थ्यांचा माध्यमाचा प्रश्न

प्रकरण

मार्च १९६० मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याच्या शालान्त परीक्षेला एक मराठी विद्यार्थी बसला. त्याचे शालेय शिक्षण मराठीतून झाले होते आणि उत्तरपत्रिकाही त्याने मराठीतच लिहिल्या होत्या. तो उत्तीर्ण झाला, पण परीक्षा आणि महाविद्यालयातला प्रवेश यांच्या मधल्या काळात, १ मे १९६० रोजी, ज्या राज्याने त्याची परीक्षा घेतली होती ते राज्यच दुभंगले. मराठी ही कालपर्यंत त्या राज्याच्या दोन प्रमुख भाषांपैकी एक होती. नव्या गुजरात राज्यात ती अल्पसंख्याकांची भाषा ठरली. मुलाने अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्रथम वर्ष कला शाखेत प्रवेश घेतला, आणि तोही इंग्रजीतून शिकवणाऱ्या तुकडीत. हे महाविद्यालय गुजरात विद्यापीठाशी संलग्न होते. मार्च १९६१ मध्ये प्रथम वर्ष पुरे करून त्याने इंटरच्या, म्हणजे पुढच्या वर्षाच्या, इंग्रजी तुकडीसाठी अर्ज केला, तेव्हा प्राचार्यांनी विद्यापीठाचा कायदा आणि १९६१ साली सुधारलेले २०७, २०८ व २०९ क्रमांकांचे परिनियम (कायद्याच्या आधारे विद्यापीठाने स्वतः केलेले नियम) यांकडे बोट दाखवून कळवले की, विद्यापीठाच्या मंजुरीशिवाय त्याला या तुकडीत बसू देता येणार नाही.

वडिलांनी कुलगुरूंकडे दाद मागितली. कुलसचिवांकडून आलेले उत्तर या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद आहे, असे मला वाटते. परीक्षा इंग्रजीतून देण्यास परवानगी मिळाली, मात्र इंग्रजीतून शिकण्यास मिळाली नाही. म्हणजे मराठीतून मॅट्रिक झालेल्या मुलाने वर्गात गुजराती व्याख्याने ऐकावीत, त्यांवरून स्वतःच इंग्रजीत टिपणे तयार करावीत आणि वर्षाअखेरीस इंग्रजीत उत्तरे लिहावीत, अशी ही सवलत होती. वडिलांनी अल्पवयीन मुलाच्या वतीने गुजरात उच्च न्यायालयात रिट अर्ज केला. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, विद्यापीठ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २१ सप्टेंबर १९६२ रोजी ‘गुजरात विद्यापीठ विरुद्ध कृष्ण रंगनाथ मुधोळकर’ या नावाने ओळखला जाणारा निकाल लागला. जून १९६१ मध्ये सुरू व्हायच्या वर्गाचा प्रश्न अंतिमतः सुटायला सव्वा वर्ष लागले.

घटनात्मक कायद्याच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण आजही शिकवले जाते. तिथे मात्र ते केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारवाटणीचे उदाहरण म्हणून येते. पक्षकाराची मातृभाषा मराठी होती, ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते. बडोद्यात मराठी बोलणाऱ्या घरांच्या दृष्टीने मात्र हे वाक्यच मुख्य आहे, आणि म्हणून हे प्रकरण इथे, बडोद्याच्या बाजूने, पुन्हा मांडत आहे.

परिनियम नेमके काय म्हणत होते

गुजरात विद्यापीठ १९४९ च्या कायद्याने अस्तित्वात आले. गुजराती आणि देवनागरी लिपीतली हिंदी यांच्या अभ्यासाला चालना देणे, तसेच शिक्षणाचे व परीक्षेचे माध्यम म्हणून या भाषांचा वापर वाढवणे, हे विद्यापीठाचे एक काम म्हणून त्या कायद्याच्या चौथ्या कलमात नमूद होते. इंग्रजीला मुदतीपुरती सवलत होती. या कलमाच्या आधारे विद्यापीठाने जे परिनियम केले, त्यांत शिक्षणाचे आणि परीक्षेचे माध्यम गुजराती राहील असे मुख्य विधान होते. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा आणि सर्व पदव्युत्तर अभ्यासक्रम यांत हिंदीला पर्याय म्हणून जागा दिली होती. बिगरगुजराती विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी आणि बिगरगुजराती शिक्षकांना अध्यापनासाठी हिंदी वापरण्याचीही मुभा होती.

विद्यापीठाने अल्पसंख्याकांचा विचारच केला नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हिंदीची मुभा ही त्यांच्या परीने केलेली सोय होती, आणि लिपी देवनागरीच असल्याने मराठी मुलाला ती सोयीची वाटेल असा समज त्यामागे असावा. अडचण वर्गात बसल्यावर कळते. परीक्षेची मुभा विद्यार्थ्याला आणि शिकवण्याची मुभा शिक्षकाला, अशी फोड असल्यामुळे विद्यार्थी कोणत्या भाषेत ऐकणार हे त्याच्या हातात राहत नव्हते. या सोयीवर विसंबणाऱ्या मराठी मुलाला चार भाषांचा संसार करावा लागला असता. शाळेत मिळालेली परिभाषा मराठी, व्याख्यान गुजराती, सवलतीची उत्तरपत्रिका हिंदी, आणि संदर्भग्रंथ तर इंग्रजीच. गुजराती ही मराठी माणसाला अनोळखी भाषा नव्हे. बडोद्यातली मराठी घरे बाजारात, शेजारात आणि कचेरीत गुजरातीच बोलतात, कित्येकांच्या घरातल्या मराठीतही गुजराती शब्द सहज मिसळतात. पण भाजी घेण्यापुरती भाषा येणे आणि त्याच भाषेत तर्कशास्त्राचे किंवा अर्थशास्त्राचे व्याख्यान पेलणे यांत वर्षानुवर्षांच्या वाचनाचे अंतर असते, आणि ते अंतर भरून काढायला सतरा वर्षांच्या मुलाला विद्यापीठाने वेळ दिला नव्हता.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अहमदाबादच्या शिक्षणक्षेत्रात तेव्हा गांधीविचारांच्या मंडळींचे वजन होते, आणि ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जात होते अशा खेड्यापाड्यांतल्या गुजराती मुलांना इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागू नये, ही त्यांची तळमळ खरी होती. गुजराती माध्यमाचा आग्रह हा मराठी माणसांना हुसकण्याचा डाव होता, असे चित्र रंगवणे मला मान्य नाही. गुजरातच्या शहरांतला मराठी समाज तेव्हा बव्हंशी नोकरदार, शिकलेला आणि इंग्रजीशी परिचित होता. डोंगराळ पूर्व पट्ट्यातल्या गुजराती किंवा भिल्ल मुलाला ते बळ नव्हते. न्यायालयात जाऊ शकणारा अल्पसंख्याक आणि न्यायालयाचे नावही न ऐकलेला बहुसंख्याक, अशी ही विचित्र जोडी होती.

न्यायालयाने काय ठरवले आणि काय ठरवले नाही

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती जे. सी. शाह यांनी लिहिला. त्यांच्या विवेचनाचे दोन भाग आहेत. पहिला कायद्याच्या अर्थाचा. एखाद्या भाषेच्या वापराला चालना देण्याचा अधिकार असला, तरी ती भाषा एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. म्हणून परिनियमांनी गुजराती किंवा हिंदी सक्तीची केली तेवढ्यापुरते ते विद्यापीठाच्या अधिकाराबाहेरचे ठरले. दुसरा भाग घटनेच्या सातव्या अनुसूचीचा, म्हणजे केंद्र आणि राज्य यांच्यात विषय वाटून देणाऱ्या सूचींचा. विद्यापीठांसह शिक्षण हा विषय तेव्हा राज्यसूचीतल्या ११ व्या नोंदीत होता, पण ही नोंद केंद्रसूचीतल्या काही नोंदींच्या अधीन होती. त्यांपैकी ६६ वी नोंद उच्च शिक्षणसंस्थांतील दर्जाचा समन्वय आणि निश्चिती केंद्राकडे सोपवते. माध्यमाचा दर्जाशी थेट संबंध येतो, कारण ज्या भाषेत पुरेशी पाठ्यपुस्तके आणि नियतकालिके नाहीत, त्या भाषेत शिकवू शकणारे शिक्षक नाहीत, तिथे सक्तीचे माध्यमांतर झाले तर दर्जा खालावतो. तेवढ्या मर्यादेत माध्यमाचा प्रश्न केंद्राच्या कक्षेत जातो, असे बहुमताने सांगितले.

न्यायमूर्ती के. सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदवले. त्यांच्या मते माध्यम ठरवण्याचा अधिकार राज्याच्या शिक्षणविषयक अधिकारातच सामावलेला होता आणि दर्जाच्या समन्वयाची नोंद पुढे करून तो राज्याकडून काढून घेता येत नव्हता. आज ते मत वाचताना त्यातला लोकशाहीचा धागा जाणवतो. आपल्या विद्यापीठात कोणत्या भाषेतून शिकवायचे हे त्या प्रदेशातल्या निवडून आलेल्या विधिमंडळाने ठरवू नये, तर कोणी ठरवावे? मी बहुमताच्या निष्कर्षाशी सहमत आहे, पण या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर बहुमताच्या निकालात सापडत नाही.

बडोद्याच्या मराठी माणसाने इथे थांबून विचार करायला हवा. भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांची कलमे, म्हणजे आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क देणारे २९(१) आणि आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देणारे ३०(१), उच्च न्यायालयात चर्चिली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र त्यांच्यावर उभा नाही. तो उभा आहे ‘चालना’ या तरतुदीच्या अर्थावर आणि केंद्र-राज्य अधिकारवाटणीवर. मराठी मुलाचा खटला जिंकला गेला, पण मराठीला काही मिळाले म्हणून नव्हे. मुळात त्या मुलाने मराठी मागितलीच नव्हती. त्याला इंग्रजी हवी होती, आणि इंग्रजी त्याला मिळाली ती दर्जाच्या नावाने. याचा सरळ अर्थ असा की, उद्या गुजरातीत उत्तम पुस्तके तयार झाली, शिक्षक तयार झाले आणि दर्जा खालावत नाही असे दाखवता आले, तर या निकालाने दिलेले संरक्षण तेवढ्या प्रमाणात पातळ होते. ज्या भिंतीला आपण साठ वर्षे टेकून बसलो आहोत, ती आपल्यासाठी बांधलेली नव्हती.

पुढे १९७१ मध्ये पंजाबच्या डी.ए.व्ही. महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ आणि ३० या कलमांना थेट हात घातला आणि पंजाबी हेच एकमेव माध्यम अल्पसंख्याकांच्या महाविद्यालयांवर लादता येणार नाही असे सांगितले. तो निकाल अल्पसंख्याकांनी चालवलेल्या संस्थांना उपयोगी पडतो. सरकारी विद्यापीठात शिकणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली ११ वी नोंद वगळून शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांत, आणले आणि ६६ वी नोंद जिथल्या तिथे राहिली, म्हणून केंद्राचा हात आणखी बळकट झाला.

बडोद्यात हा प्रश्न उठला का नाही

गुजरात विद्यापीठाचे परिनियम बडोदा शहराला लागू नव्हते, कारण बडोद्याचे विद्यापीठ वेगळे होते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना ३० एप्रिल १९४९ रोजी झाली आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानाने जाता जाता मागे ठेवलेली ही संस्था स्वतःच्या कायद्याने चालली, तिच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता होत्या, आणि इंग्रजी माध्यम ही तिची ओळख बनली. अहमदाबादेत माध्यमावरून वाद पेटला तेव्हा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरात त्याची झळ पोचली नाही. मुलगा मॅट्रिक झाला की विद्यापीठात जाई, तिथे मराठी, गुजराती, सिंधी, दक्षिणी सगळे सारखेच इंग्रजीपुढे उभे असत. कुणाचीच भाषा नाही म्हणून कुणाचाच तोटा नाही, अशी ही तडजोड होती.

तिच्यापूर्वी बडोद्याने वेगळा मार्गही चोखाळून पाहिला होता. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले, त्याची आखणी करणारे त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्रज्ञ होते आणि तांत्रिक विषय मातृभाषेतून शिकवण्याचा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी पुस्तके लिहून घ्यावी लागतील, परिभाषा घडवावी लागेल, हे त्यांनी ओळखले आणि त्या कामाला हातही घातला. राज्यकर्ते मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती आणि वरिष्ठ कारभारात इंग्रजीचा वावर, अशा संस्थानात १९३१ मध्ये ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा आठ भाषांचा प्रशासनिक कोश निघाला, त्यात गुजराती आणि मराठी शेजारी शेजारी होत्या. पुढे चित्रपटसृष्टीचे जनक झालेले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. कलाभवन कालांतराने विद्यापीठाच्या तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखेत विलीन झाले आणि तिथली भाषा इंग्रजी झाली. मातृभाषेतून तंत्रशिक्षणाचा प्रयोग ज्या शहरात झाला, त्याच शहरात पुढच्या पिढ्यांनी तो विसरून इंग्रजीला नैसर्गिक मानले, ही गोष्ट मला खटकते.

या तडजोडीची किंमत सावकाश वसूल झाली. विद्यापीठात मराठी विभाग होता आणि आहे. शहरात मराठी वाङ्मय परिषद आहे. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार मराठी साहित्य संमेलने या शहराने भरवली. साहित्यात बडोद्याची मराठी कधीच मागे नव्हती. पण इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, विज्ञान यांतले एकही वाक्य मराठीत लिहिण्याचा प्रसंग इथल्या विद्यार्थ्यावर आला नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस केंद्राच्या योजनेतून राज्याराज्यांत विद्यापीठीय ग्रंथनिर्मितीची मंडळे निघाली. गुजरातेत ग्रंथनिर्माण बोर्ड आले, नागपुरात महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ आले. नागपूरच्या मंडळाने काढलेली पुस्तके बडोद्याच्या मराठी मुलाला वाचता आली असती, परंतु त्यांचा उपयोग करून उत्तर लिहायला इथे जागा नव्हती. घरची भाषा, सणावारांची भाषा, नाटकाची आणि कवितेची भाषा म्हणून मराठी टिकली. विचार मांडून तो तपासून घेण्याची भाषा म्हणून तिची या शहरातली वाढ खुंटली. मराठी शाळांकडे पालकांनी पाठ फिरवली त्यामागे हेही एक कारण आहे. बारावीनंतर जी भाषा उपयोगाची नाही, तिच्यात पहिली ते बारावी कशासाठी घालवायची, असे पालक विचारतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

एक वही

शहरातल्या एका महाविद्यालयात शिकणाऱ्या, मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलीची अर्थशास्त्राची वही मी पाहिली आहे. शीर्षके आणि व्याख्या इंग्रजीत होत्या, कारण फळ्यावर त्या इंग्रजीतच लिहिल्या जात. त्यांच्याखाली गुजराती लिपीत घाईघाईने उतरवलेली वाक्ये होती. इंग्रजीत सांगून झाले की प्राध्यापक, बहुतेक वर्गाला समजावे म्हणून, तोच मुद्दा गुजरातीत उलगडून सांगत. समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात, मराठी. ‘मागणी वाढली तर का?’, ‘हे उदाहरण आपल्या दूध डेअरीचे घेता येईल’, ‘परत वाचणे’. विषय तिला कळला होता याचा पुरावा फक्त त्या समासात होता. इंग्रजीतली तिची उत्तरे मात्र पाठ केलेली, एकमेकांसारखी आणि निर्जीव होती, आणि गुण त्याच उत्तरांना मिळणार होते. गुजराती मैत्रिणीला निदान तोंडी खुलासा स्वतःच्या भाषेत मिळत होता. हिला तोही दुसऱ्या भाषेतून घ्यावा लागत होता. कागदोपत्री माध्यम इंग्रजी असले तरी प्रत्यक्ष वर्ग दुभाषी चालतो, आणि त्या दोन भाषांत मराठी नसते, हे या वहीने मला जितके स्पष्ट दाखवले तितके कोणत्याही निकालपत्राने दाखवले नाही.

त्या प्राध्यापकांनी गुजरातीत बोलू नये, असे मी म्हणणार नाही. वर्गाला कळावे म्हणून शिक्षक मुलांची भाषा जवळ करतो, यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच आहे की, उत्तरपत्रिकेत या मुलीला स्वतःच्या भाषेचा आधार मिळायला काय हरकत होती.

आजची परिस्थिती

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने उच्च शिक्षणातही मातृभाषा किंवा स्थानिक भाषा यांचा वापर वाढवण्याचे सांगितले. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळवले की, अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. त्याच वर्षी गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला आणि आतापर्यंत स्वतःच्या कायद्याने चालणारे सयाजीराव विद्यापीठही राज्यातल्या इतर विद्यापीठांबरोबर त्या एका कायद्याखाली आले. १९४९ पासून बडोद्याला वेगळे ठेवणारे कुंपण अशा रीतीने गेले. इंदूरच्या मराठी घरांनाही असाच अनुभव येत आहे. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध झाली, आणि तिथेही स्थानिक भाषा म्हणजे राज्याची भाषा, असाच अर्थ गृहीत धरला गेला.

इथेच खरी काळजी आहे. मातृभाषा आणि स्थानिक भाषा हे दोन शब्द धोरणात जोडीने येतात. गुजराती विद्यार्थ्याच्या बाबतीत ते एकाच भाषेला लागू होतात, मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत ते दोन दिशांना खेचतात. घटनेत याबाबत मार्गदर्शन नाही. कलम ३५०(अ) मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगते ते प्राथमिक पातळीपुरते. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असली तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे १९४९ पासून चालत आलेले सूत्रही प्राथमिक शाळांचेच आहे. कलम ३५०(ब) नुसार नेमलेला भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा विशेष अधिकारी राष्ट्रपतींना अहवाल देतो, परंतु विद्यापीठीय माध्यमाबाबत मोजता येईल असा निकष त्याच्याही हाती नाही. भाषिक अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरते, असे २००२ च्या टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यामुळे गुजरातेत मराठी भाषक अल्पसंख्याक आहेत याबद्दल वाद नाही. पण या दर्जाला विद्यापीठाच्या दारात काही वजन नाही.

मराठी समाजाने आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे उषा मेहता प्रकरण आले, त्यात महाराष्ट्रातल्या गुजराती भाषक अल्पसंख्याकांच्या शाळांनी मराठी सक्तीला आव्हान दिले होते, आणि राज्याची भाषा शिकण्याची अट न्यायालयाने उचलून धरली. त्या निकालाचे आपल्यापैकी अनेकांनी स्वागत केले होते आणि ते योग्यच होते. मग गुजरातेत गुजराती शिकायला आपण का कू करता कामा नये. बडोद्याचा मराठी माणूस सहसा करतही नाही. गुजराती विषय म्हणून उत्तम शिकणे आणि विद्यापीठात ज्ञान घेण्यासाठी व मांडण्यासाठी स्वतःची भाषा निवडता येणे या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिलीला होकार दिल्याने दुसरी कमजोर होत नाही, उलट तिला नैतिक बळ मिळते.

मागणी काय असावी

मुधोळकर प्रकरणाचा आधार घेऊन ‘इंग्रजी जशी आहे तशी ठेवा’ एवढेच म्हणत राहणे मला अपुरे वाटते. ते अप्रामाणिकही आहे, कारण इंग्रजीच्या आड आपण गुजराती मुलांची वाट अडवतो. सगळ्या विषयांचे मराठी वर्ग मागणेही व्यवहार्य नाही. तेवढे विद्यार्थी नाहीत, तेवढे शिक्षक मिळणार नाहीत, आणि तीन-चार मुलांचे वर्ग काढून त्यांना वेगळे पाडण्यात त्यांचेच नुकसान आहे. मधली मागणी अशी आहे की, वर्ग इंग्रजी-गुजरातीत चालो, पण कला, वाणिज्य आणि समाजशास्त्रांच्या पदवी परीक्षांत विद्यार्थ्याला मराठीतून उत्तरे लिहिण्याचा पर्याय मिळावा. आयोगाच्या २०२३ च्या पत्रातल्या स्थानिक भाषेचा अर्थ लावताना त्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी अल्पसंख्याकांची भाषाही तिच्यात धरावी. गुजरातचे शालेय बोर्ड मराठी माध्यमाची परीक्षा घेते, तेव्हा राज्याच्याच यंत्रणेला मराठी उत्तरपत्रिका नवी नाही.

उत्तरपत्रिका तपासणार कोण, हा विद्यापीठाचा पहिला आक्षेप असेल, आणि तो रास्त आहे. मुंबई, पुणे आणि जळगाव इथल्या विद्यापीठांत मराठीतून शिकवणारे आणि तपासणारे शिक्षक आहेत. बाहेरचे परीक्षक नेमण्याची पद्धत प्रत्येक विद्यापीठात असतेच, आणि संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याची सोय झाल्यापासून गठ्ठे पाठवण्याचीही गरज उरलेली नाही. अभ्यास-साहित्यासाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची मराठी पाठ्यपुस्तके आहेत. दर्जाचा प्रश्न, ज्यावर १९६२ चा निकाल उभा आहे, इथे उद्भवत नाही, कारण वर्ग, अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच राहते.

या मागणीपूर्वी एक काम मराठी विभागाने आणि शहरातल्या मराठी संस्थांनी मिळून करायला हवे. दर वर्षी मराठी माध्यमातून किती विद्यार्थी विद्यापीठात येतात, कोणत्या शाखेत जातात, पहिल्या वर्षी किती अडखळतात, ही माहिती प्रवेशाच्या नोंदींतून काढता येते. शालेय माध्यमानुसार ती वेगळी करून प्रत्येक शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध करावी, असा अर्ज विद्यापीठाकडे आणि त्याची प्रत भाषिक अल्पसंख्याकांच्या विशेष अधिकाऱ्याकडे द्यावी. परीक्षेच्या पर्यायाचा मसुदा त्या आकड्यांसह विद्या परिषदेपुढे गेला, तर त्यावर निर्णय घेणे परिषदेला भाग पडेल आणि नकार द्यायचा झाला तरी कारणे लेखी द्यावी लागतील. २९(१) चा जो प्रश्न १९६२ मध्ये अनिर्णित राहिला, तो पुन्हा न्यायालयापुढे नेण्याची वेळ आलीच, तर त्या लेखी कारणांवरच सुनावणी व्हावी लागेल.